एसट्रेस: क्लिक केलं, कर्सर फिरला आणि पुढे काहीच नाही, तेव्हा कामाला येणारं टूल

लिनक्सवर प्रोग्राम सुरू होत नसेल तर आधी तो टर्मिनलमधून चालवून बघा, आयकॉनवर क्लिक केल्यावर जी एरर कुठेतरी गडप होते ती तिथे सरळ छापून येते आणि बरेचदा तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर एसट्रेस (strace). फुकट आहे, मूळचं 1991 मधलं, तेही सनओएस या जुन्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेलं, आणि आज बहुतेक सगळ्या डिस्ट्रोंच्या रिपॉझिटरीत मिळतं.

प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, काय मागितलं (या मागण्या म्हणजे सिस्टिम कॉल) आणि कर्नलने काय दिलं, हे ओळीओळीने दाखवतं, बास. पण त्यातच सगळं कळतं. उदाहरणार्थ क्यूटी (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) वापरणारे प्रोग्राम, एरर काय देतात तर एक्ससीबी प्लगइन (विंडो स्क्रीनवर दाखवणारा भाग) सापडला पण लोड झाला नाही, आता यातून माणसाने काय समजायचं! मूळ प्रोग्रामवर एलडीडी (कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) मारलं तर सगळं आलबेल दिसतं कारण प्लगइन नंतर, चालू असताना लोड होतो. एसट्रेसमध्ये मात्र लिबएक्ससीबी-कर्सर नावाची लायब्ररी एकेक फोल्डरमध्ये शोधली जातेय आणि दर वेळी ईनोएंट (ENOENT, म्हणजे अशी फाइल नाही) येतंय हे स्पष्ट दिसतं (क्यूटी 6.5 पासून ही लागतेच). पॅकेज टाकलं की विषय संपला.

पण पहिल्यांदा आउटपुट बघून डोकं गरगरतं. शेकडो ओळी, आणि त्यातले बहुतेक ईनोएंट बिनकामाचे, कारण लायब्ररी चार ठिकाणी शोधून पाचव्या ठिकाणी सापडणं हे नॉर्मलच आहे. मायनस ओ (-o) देऊन सगळं फाइलमध्ये घ्या, एरर मेसेज जिथे राइट होतोय ती ओळ शोधा आणि तिथून वर वाचत जा. मायनस एफ (-f, चाइल्ड प्रोसेसही ट्रेस करायला) विसरू नका, नाहीतर प्रोग्राम सुरू करणारी शेल स्क्रिप्ट नुसता चाइल्ड प्रोसेस सुरू करते आणि खरा प्रोग्राम ट्रेसमध्ये येतच नाही.

एक तक्रार आहेच. फाइल डोळ्यांसमोर असताना 'नो सच फाइल' येतं ना, तिथे हे फक्त एक्झेकव्हीई (प्रोग्राम सुरू करायचा कॉल) फेल झालं एवढंच सांगतं, का ते नाही. त्यासाठी file ही फाइलचा प्रकार सांगणारी कमांड वापरा, 64 बिटवर 32 बिटचा प्रोग्राम असेल आणि त्याचा लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारा भाग) नसेल, किंवा स्क्रिप्टमध्ये विंडोजच्या लाइन एंडिंग असतील, तर तिथे लगेच कळतं. शिवाय एसट्रेसखाली प्रोग्राम चांगलाच स्लो चालतो, त्यामुळे जड ॲप असेल तर जरा थांबा, हँग झालं समजून कंट्रोल सी दाबू नका.

पाचपैकी चार. एक स्टार त्या आउटपुटच्या पसाऱ्यासाठी कापला, आणि हो, नव्या व्हर्जनमध्ये मायनस कॅपिटल झेड (-Z) दिलं की फक्त फेल झालेले कॉल दिसतात, ते आधी ट्राय करा.