सिरिंज, बाहेरची टाकी की कंपनीची टाकी: सोलापुरात इंकजेट घेताना

मे महिन्यात दुपारी शटर अर्धं खाली ओढून बसलं की गिऱ्हाईक कमी आणि चौकशा जास्त. "अण्णा, कुठला प्रिंटर घेऊ?" विचारणारा कधी जुळे सोलापूरचा कॉलेजचा पोरगा असतो, कधी ऑनलाइन फॉर्म भरून देणारी ताई, कधी मगवर फोटो छापून विकायचं डोक्यात घेतलेला कुणी. तिघांची कामं तीन तऱ्हेची, पण प्रश्न एकच: शाई कितीला पडते? माझं म्हणणं असं की शाईचा भाव सगळ्यात शेवटी बघा. आधी हेड बघा. ते कुठं बसवलंय, कशावर चालतं, आणि वाळलं तर कुणाच्या खिशातून जाणार.

हेड म्हणजे शाई कागदावर फेकणारा भाग. त्याच्या दोन जाती. एप्सन आणि ब्रदर पिझो हेड वापरतात: वीज दिली की आतला स्फटिक वाकतो आणि शाईचा थेंब ढकलतो, उष्णतेचा संबंध नाही. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरांत शाईखाली बारीकसा हीटर असतो. तो क्षणभरात तीनशे अंशांच्या आसपास तापतो, बुडबुडा फुगतो, थेंब उडतो. ही कल्पना कॅननला १९७७ मध्ये सुचली ती प्रयोगशाळेत शाईच्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न लागलं आणि शाई फुस्सकन बाहेर उडाली म्हणून. आपल्याकडे प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर या दोन्ही वस्तू कायम शेजारी पडलेल्या असतात, हे मला दरवेळी गमतीचं वाटतं.

पिझो हेड टिकतं जास्त, पण ते प्रिंटरमध्ये पक्कं बसवलेलं असतं. गेलं तर बदलायचा खर्च ऐकून माणूस नवीन प्रिंटरच बघायला लागतो. उष्णतेचं हेड झिजतं आणि जळतंही, पण बऱ्याच मॉडेलांत ते घरच्या घरी काढून नवीन बसवता येतं. बाकी सगळी तुलना या एका फरकावर उभी आहे.

सिरिंजपासून, म्हणजे संपलेलं कार्ट्रिज (शाईची डबी) सिरिंजने पुन्हा भरण्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात स्वस्त प्रिंटर तिथंच भेटतात. चार-पाच हजारांचा कार्ट्रिजवाला प्रिंटर, आत एक काळं आणि एक तीनरंगी कार्ट्रिज. एचपीच्या ८०३ सारखं छोटं काळं कार्ट्रिज शे-सव्वाशे पानांत संपतं, आणि नवीन घ्यायला गेलं तर पानाला पाच-सहा रुपये सहज पडतात. म्हणून लोक भरून वापरतात. यातली खरी सोय वेगळीच आहे: या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं. खराब झालं की नवं कार्ट्रिज घातलं, नवं हेड आलं. भरायचं कसं, तर वरचं लेबल सोलायचं आणि खालच्या भोकांत टूथपिक घालून कुठला रंग कुठं आहे ते बघायचं, कारण क्रम अंदाजाने धरला तर पिवळ्यात निळा जाऊन पुढचे शंभर प्रिंट हिरवट येतात. मग सिरिंजने सावकाश दोन-तीन मिली सोडायची. स्पंज तुडुंब करायचा नाही. माझ्या हाताने पाच-सहा वेळा भरलेलं कार्ट्रिज चालतं, त्यानंतर पट्टे यायला लागतात. कॅननच्या पिक्स्मात 'शाई संपली' असं अडून बसलं तर स्टॉपचं बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरायचं, पुढं तो शाई मोजणं सोडून देतो. एचपीत एक गोष्ट लक्षात ठेवा: काही मॉडेलं अपडेटनंतर दुसऱ्याची चिप असलेलं कार्ट्रिज नाकारतात. कंपनीने त्याला डायनॅमिक सिक्युरिटी असं नाव दिलंय. कंपनीचीच मूळ चिप असलेलं, पुन्हा भरलेलं कार्ट्रिज मात्र चालतं.

महिन्याला वीस-पंचवीस पानं छापणाऱ्याला हा खटाटोप परवडतो. त्याहून जास्त असेल तर हात रंगवत बसाल.

बाहेरची टाकी, म्हणजे ज्याला बाजारात सीआयएस म्हणतात, ती मी बरीच वर्षं वापरली. चार बाटल्यांचा डबा प्रिंटरशेजारी, त्यातून चार बारीक नळ्या झाकणाच्या फटीतून आत, आणि आपोआप रिसेट होणाऱ्या चिपांची कार्ट्रिजं. पानाला पैशांत खर्च. पण हा सगळा खेळ वक्रनलिकेचा आहे. डबा आणि प्रिंटर एकाच पातळीवर हवेत. डबा खाली गेला तर नळीत हवा शिरते, वर गेला तर शाई स्वतःच वाहायला लागते. हे मला सांगितलेलं होतं. तरी एकदा टेबलावर जागा नव्हती म्हणून रात्री डबा प्रिंटरच्या डोक्यावर ठेवला आणि घरी गेलो. सकाळी शटर उघडलं तर पायरीपर्यंत गुलाबी ओघळ, आणि खाली ठेवलेली लग्नपत्रिकांची पाचशे पाकिटं कडेने मॅजेंटा पिऊन बसलेली. मुलीकडच्यांना पाकिटं नव्याने छापून दिली. चूक माझीच होती.

आज कुणी नवीन प्रिंटर घेऊन त्याला बाहेरची टाकी जोडायची म्हणाला, तर मी सरळ नको म्हणतो. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःचाच टाकीवाला प्रिंटर आणला, कारण तिकडं लोक बाहेरच्या टाक्या बसवून घेतच होते. मागोमाग कॅनन, एचपी, ब्रदर आले. तेव्हापासून साध्या एफोरसाठी बाहेरच्या टाकीला अर्थ उरला नाही. वॉरंटी जाते ती जातेच. अपवाद एकच: तुमच्याकडे आधीपासून चांगल्या हेडचा, सुटी कार्ट्रिजं असलेला फोटो प्रिंटर पडून असेल आणि नळ्यांशी खेळायची हौस असेल, तर जोडा.

आता कंपनीची टाकी. इथंच खरी निवड आहे, म्हणून जरा हिशोबाला बसू.

एप्सनच्या एल ३२५० सारख्या मॉडेलात ००३ नंबरची शाई लागते. काळी ६५ मिलीची बाटली ४,५०० पानं देते असं कंपनी सांगते, तीन रंग मिळून ७,५००. कॅननच्या जी २०१० मध्ये काळी १३५ मिलीची, ६,००० पानं, रंगांची ७,०००. हे आकडे ठरावीक चाचणी-पानांवर मोजलेले असतात, आणि पहिल्या भराईत नळ्या भरायला बरीच शाई जाते, म्हणून पहिली बाटली कमीच चालते. तरी काळी बाटली चारशेच्या आतबाहेर धरली तरी पानाला नऊ-दहा पैसे. कागदाचं रिम विचारून बघा, एक कोरं पान पन्नास-साठ पैशांचं पडतं. म्हणजे शाईपेक्षा कागद पाच-सहा पट महाग! आता लोकल इंक घालून तुम्ही पानामागं सहा पैसे वाचवले. महिन्याला हजार पानं छापलीत तर साठ रुपये. त्या साठ रुपयांसाठी पक्क्या बसवलेल्या हेडमध्ये कुठली शाई ओततोय ते माहीत नसताना ओतायची, हा सौदा मला जमत नाही. फोटोवाल्यांचं गणित वेगळं. एका एफोर फोटोला मिलीलीटरच्या आसपास शाई जाते, तिथं लोकल इंकचा फरक रुपयांत दिसतो. त्यांनी वापरावी, पण एकाच दुकानातली, एकाच जातीची, आणि दर बाटलीला ब्रँड न बदलता.

मग कॅनन की एप्सन? मी दोन गोष्टींवर ठरवतो: काळी शाई कसली, आणि प्रिंटर किती दिवस रिकामा बसणार.

कॅननच्या या जी मालिकेत आणि एचपीच्या टाकीवाल्यांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळलेल्या रंगकणांची असते, रंग डायचे, म्हणजे पूर्ण विरघळलेले. एप्सनच्या ००३ मध्ये चारही डाय. फरक बघायचा असेल तर दोन्हीवर एकच दाखला छापा, पाच मिनिटांनी घामेजल्या अंगठ्याने त्यावरून फिरवा. पिगमेंटची ओळ तशीच राहते, डायच्या अक्षरांना मिशा फुटतात. दाखले, शपथपत्रं, परीक्षेची हॉलतिकिटं छापणाऱ्यांनी म्हणूनच कॅनन किंवा एचपीकडं बघावं. उलट चकचकीत फोटो पेपरवर डायच शोभते, पिगमेंटचा काळा वर बसून राहतो आणि पुसतो.

रिकामं बसण्याचा मुद्दा आपल्या गावात इतर कुठल्याही मुद्द्यापेक्षा मोठा. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा ४२-४३ वर आणि हवेत ओल नावाला नाही. सुट्टीला गावाला जाऊन तीन आठवड्यांनी आलात तर नोझल चेकच्या, म्हणजे हेडची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणाऱ्या पानावर निळ्याच्या अर्ध्या रेघा गायब. एल ३२५० मध्ये काळ्याला १८० छिद्रं आणि प्रत्येक रंगाला फक्त ५९, त्यातलं एक जरी बंद पडलं तर फोटोत पांढरी रेघ दिसते. जी २०१० मध्ये काळ्याला ३२० आणि प्रत्येक रंगाला ३८४. शिवाय कॅननच्या जी मालिकेत काळ्याचं आणि रंगाचं अशी दोन हेड असतात, अगदीच गेली तर झाकण उघडून, चाप सोडवून बदलता येतात. त्यामुळं घरात पडून राहणार असेल तर कॅनन किंवा बदलता येणाऱ्या हेडचा एचपी. रोज शंभर पानं निघणार असतील तर एप्सनचं हेड वाळायला उसंतच मिळत नाही, आणि मग त्याचं टिकाऊपण कामाला येतं.

आणि हो, घरी फक्त काळी पानं छापायची असतील, तीही महिन्यातून दोनदा, तर इंकजेटच घेऊ नका. छोटा लेझर घ्या. टोनर ही पावडर असते, ती वाळत नाही. माझ्याकडं विचारायला आलेल्यांपैकी निम्म्यांना मी हेच सांगून परत पाठवतो, दुकानदारी गेली खड्ड्यात.

हेड वाळवण्यात ऊन जितकं जबाबदार तितकंच बोर्डावरचं बटण. दुकान बंद करताना लोक मेन स्विच खटकन पाडतात. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. बोर्डावरून मारला, किंवा मध्येच लाईट गेली, तर हेड वाटेत उघडं राहतं आणि रात्रभर वाळतं. बहिणीच्या मुलाचा विजापूर रोडवरचा प्रिंटर दोन महिन्यांत तीनदा चोंदला. "मामा, शाईच खराब हाय" म्हणत होता. मी संध्याकाळी जाऊन नुसता बसलो. साडेनऊला त्याने मेन पाडला आणि हेड मधोमध थांबलं. तेव्हापासून आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग बोर्ड. शाई तीच आहे.

चोंदलंच तर हेड क्लीनिंग दोनदा करा, मग काही तास थांबा. सलग आठ-दहा वेळा करणारा माणूस शाई गटारात ओतत असतो. प्रिंटरच्या पोटात गटारच असतं ते: क्लीनिंगची शाई एका पॅडमध्ये मुरते, आणि मोजणी भरली की प्रिंटर बंद पडतो. जुन्या जी मालिकेत ५बी०० असा कोड येतो, बऱ्याच एप्सनमध्ये पॅड आणि रिसेट दोन्हीसाठी मेकॅनिक गाठावा लागतो. कॅननच्या जी २०२० आणि एप्सनच्या एल ८०५० मध्ये हा भाग सुटा मिळतो, स्वतः बदलता येतो. घेताना हे जरूर विचारा. हेड पुसायला डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते. उजनी धरणाचं पाणी इकडं दिवस मोजून येतं आणि मधल्या दिवसांत बोअरचं वापरतात. त्याने बादलीवर जो पांढरा थर बसतो तो हेडमध्ये बसायला नको.

मगवाल्यांसाठी वाद नाही, एप्सन. मगवर छापायला लागणारी सब्लिमेशनची शाई गरम झाल्यावर वायू होऊन मगवर किंवा कपड्यात उतरते, म्हणून ती हीटरवाल्या हेडात चालवत नाहीत. पिझोच लागतं. एल १३० सारखे जुने साधे चाररंगी प्रिंटर अजूनही या कामाला धावतात, फोटोची नजाकत हवी तर सहारंगी एल ८०५०. नवाकोरा प्रिंटर पहिल्या थेंबापासून सब्लिमेशनलाच लावा, नंतर त्यावर साधे प्रिंट काढायचं विसरा. कंपनी अशा शाईला वॉरंटी देत नाही हेही धरून चाला. आणि चादर-टॉवेलचं गाव म्हणून इथं हमखास येणारी कल्पना: टॉवेलवर नाव छापून विकायचं. आपला सोलापुरी टॉवेल सुती. सब्लिमेशन पॉलिस्टरवर बसतं, सुतीवर पहिल्या धुण्यात फिकं पडतं. टॉवेलला भरतकामच बरं.

ब्रदरबद्दल थोडक्यात: हेड पिझो, बांधणी दणकट. पण बाटली आणि मेकॅनिक तुमच्या पेठेत मिळतो का ते आधी चौकशी करा.

पेटी घरी आणून टाक्या घरीच भरा, भरलेला प्रिंटर रिक्षातून आडवा करून नेऊ नका. भरून झालं की पहिलं काम नोझल चेक. ते पान फेकू नका, त्यावर तारीख घालून प्रिंटरखाली सरकवून ठेवा. सहा महिन्यांनी प्रिंटमध्ये पट्टे दिसले की नवीन पान काढून जुन्याशेजारी धरा, कुठल्या रंगाची कितवी रेघ तुटली ते डोळ्यांनी दिसतं आणि मेकॅनिकला फोनवरच सांगता येतं.