निक सॉल्ट की फ्रीबेस? सिगारेट सोडल्यानंतरच्या महिन्यांचा अनुभव

व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, लिहिणारे बहुतेक जण डिव्हाइस कोणतं आणि फ्लेवर कसा यावर लिहितात. मला विचाराल तर बाटलीतलं निकोटीन कोणत्या प्रकारचं आहे हे या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं, आणि दुकानात तेच कुणी नीट समजावून सांगत नाही. बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम निकोटीन आहे तो, सगळे बघतात. पण २० मिलिग्रॅमचं सॉल्ट (आम्ल घातलेलं निकोटीन) आणि ६ मिलिग्रॅमचं फ्रीबेस (आम्ल न घातलेलं, मोकळं निकोटीन) यांतला फरक फक्त आकड्याचा नाही. घशाला, झोपेला, दिवसभरात हात किती वेळा खिशाकडे जातो त्याला, सगळ्यालाच तो जाणवतो. गेले काही महिने मी हे सगळे प्रकार वापरले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते आणि हा अनुभव इथल्या कायद्यातला, इथल्या दुकानांतला आहे. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे हे वाचून तिथे कुणी चोरट्या मार्गाने काही मागवू नये. बंदी असलेल्या मालात काय भरलंय हे तपासणारं कुणी नसतं. आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही, त्यांना यातल्या कशाचीच गरज नाही. मी लिहिते आहे ते ज्यांची सिगारेट सुटता सुटत नाही त्यांच्यासाठी.

माझी सिगारेट पुण्यात कॉलेजच्या दिवसांत लागली आणि इथे आल्यावरही चिकटून राहिली. थंडीत, पावसात, ऑफिसच्या मागच्या दाराशी उभं राहून ओढायचे. पॅच लावून बघितले होते. पॅचने अंगात निकोटीन जातं, पण जेवणानंतरची ती तलफ जशीच्या तशी राहते. शेवटी इथल्या धूम्रपान सोडवणाऱ्या मोफत सेवेत नाव घातलं. तिथल्या सल्लागार बाईंनी एक छोटं पॉड डिव्हाइस (लिक्विडची छोटी डबी बसवायची ई-सिगारेट) आणि २० मिलिग्रॅमचं निक सॉल्ट हातात ठेवलं. म्हणाल्या, सुरुवातीला कमी घेऊन स्वतःला उपाशी ठेवू नका, सिगारेट आधी जाऊ दे.

हा सल्ला अगदी योग्य होता. सॉल्टचा पहिला झुरका घेतला तेव्हा घशाला जवळजवळ काहीच लागलं नाही, पण थोड्याच वेळात डोकं शांत झालं. सिगारेटनंतर होतं तसंच. पहिले काही दिवस चिडचिड होती, ती निकोटीनपेक्षा हातातली सवय गेल्याची जास्त होती. सेवेत दर भेटीला एका यंत्रात फुंकायला लावतात, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. दहा पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) खाली आलात की तुम्ही सिगारेट न ओढणाऱ्यांत जमा. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे अंगात निकोटीन भरपूर असूनही हा आकडा भराभर खाली येतो. तो खाली आलेला बघताना मला फार बरं वाटलं होतं, आजही आठवलं की वाटतं.

सॉल्ट घशाला का लागत नाही, हे समजून घेतल्यावर पुढचे सगळे निर्णय सोपे झाले. निकोटीन मुळात अल्कधर्मी आहे. जसंच्या तसं, मोकळं ठेवलं की त्याला फ्रीबेस म्हणतात. या मोकळ्या रूपात ते सहज उडून वायूत मिसळतं आणि घशात, वरच्या श्वासमार्गातच पुष्कळसं बसतं. म्हणून ठसका. त्यात बेंझोइक, लॅक्टिक किंवा लेव्युलिनिक असं एखादं आम्ल घातलं की त्याचा क्षार, म्हणजे सॉल्ट, बनतो, आम्लता वाढते, ते बारीक थेंबांतच बांधलेलं राहतं आणि घसा ओलांडून खाली उतरतं. फुप्फुसाच्या आत पोचल्यावर तिथल्या द्रवात ते पुन्हा काही प्रमाणात मोकळं होतं आणि रक्तात जातं. म्हणजे आम्लाने निकोटीन कमी होत नाही. घशाची तक्रार तेवढी बंद होते.

ही युक्ती गाजली ती अमेरिकेत २०१५ साली जूल नावाची ई-सिगारेट आल्यावर. बेंझोइक आम्ल घातलेलं, मिलिलिटरला जवळजवळ ५९ मिलिग्रॅम एवढं तीव्र निकोटीन, आणि तरी ओढायला सौम्य. फ्रीबेस एवढ्या तीव्रतेचं कुणी दोन झुरकेही ओढू शकणार नाही. शाळकरी मुलांच्या हातात ते इतक्या वेगाने गेलं याचं एक मोठं कारण हा सौम्यपणाच आहे, असं मी ठामपणे म्हणेन. ब्रिटनमध्ये २०१६च्या नियमांनी २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली होती, बाटली १० मिलिलिटरची आणि टाकी २ मिलिलिटरची. त्यामुळे २०१८ साली जूल इथे आलं ते सौम्य होऊनच. हे बंधन जाचक आहे असं इथले बरेच व्हेपर म्हणतात. सॉल्ट वापरून झाल्यावर मला ते योग्य वाटतं.

कारण सॉल्टची खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळली. सिगारेट संपते, विझते. फ्रीबेसमध्ये घसा सांगतो की आता पुरे. सॉल्टमध्ये थांबवणारं काहीच नाही. स्वयंपाक करताना, फोनवर बोलताना, मालिका बघताना डिव्हाइस हातातच. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात, आणि मी दर काही मिनिटांनी भर घालत होते. रात्री झोपण्याआधीचे झुरके तर सगळ्यात वाईट. झोप उथळ, स्वप्नं विचित्र, सकाळी तोंडाला कोरड. सिगारेट ओढताना मला कधी छातीत धडधडल्यासारखं झालं नव्हतं, ते सॉल्टवर एका संध्याकाळी झालं.

२०१९ साली ब्रिटनमधली एक मोठी चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली होती. वर्षभराने सिगारेटपासून दूर राहिलेले लोक ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के होते, पॅच-गम वगैरेच्या गटात ९.९ टक्के. हा आकडा सगळे सांगतात. त्याच चाचणीतला दुसरा आकडा कमी लोक सांगतात. त्या यशस्वी लोकांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के वर्षभरानंतरही व्हेप ओढतच होते, तर दुसऱ्या गटात गम किंवा पॅच चालू असणारे फक्त ९ टक्के. मला त्या ८० टक्क्यांत कायमचं राहायचं नव्हतं.

म्हणून फ्रीबेसकडे वळले. आधी १२ मिलिग्रॅमचं घेतलं आणि त्याच छोट्या पॉडमध्ये भरलं. ठसका असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. आकडा सॉल्टपेक्षा कमी आणि घशाला कितीतरी तिखट. दुकानातल्या मुलाने सांगितलं, मोठं डिव्हाइस घे, सब-ओमची कॉइल (एक ओमपेक्षा कमी रोधाची, लिक्विड तापवणारी तार), ३ मिलिग्रॅमचं शॉर्टफिल, ढग मस्त येतात. शॉर्टफिल म्हणजे ५० मिलिलिटर बिननिकोटीनचं लिक्विड ६० मिलिलिटरच्या बाटलीत येतं, वर जागा मोकळी ठेवलेली असते. त्यात १८ मिलिग्रॅमचा १० मिलिलिटरचा निक शॉट, म्हणजे निकोटीनची छोटी बाटली, ओतून हलवलं की सगळं मिळून ३ मिलिग्रॅमचं होतं. हा शॉट ओतताना हातमोजे घाला. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं. आणि बाटल्या मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाहीत अशाच ठेवा.

सब-ओम मला पटलं नाही. २० वरून ३ वर आले म्हणून काही दिवस आनंदात होते, मग हिशोब मांडला. छोट्या पॉडमध्ये दिवसाला दीड मिलिलिटर सॉल्ट गेलं तर ३० मिलिग्रॅम निकोटीन. मोठ्या डिव्हाइसमध्ये दिवसाला १० मिलिलिटर सहज जातं, ३ मिलिग्रॅमने त्याचेही ३०च होतात. वर लिक्विड सहा-सात पट फुप्फुसात जातं ते वेगळंच. तीव्रता कमी केली की माणूस नकळत लांब आणि जास्त झुरके घेऊन भरपाई करतो, हे लंडनमधल्या संशोधनातही दिसून आलं आहे. त्यामुळे ‘मी ३ वर आलो’ असं कुणी सांगितलं की मी आता विचारते, दिवसाला किती मिलिलिटर?

मला मानवलं ते ६ मिलिग्रॅमचं फ्रीबेस, साध्या छोट्या पॉडमध्ये, एक ओमच्या वरची कॉइल, लिक्विडमधले दोन मुख्य द्रव, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, निम्मं-निम्मं. ग्लिसरीन जास्त असलेलं दाट लिक्विड अशा बारीक कॉइलमध्ये नीट शोषलं जात नाही आणि जळका वास येतो. ६ मिलिग्रॅमला घशात हलकी किक बसते, सिगारेटची आठवण होईल एवढीच. पाच-सहा झुरक्यांत घसा भरतो आणि डिव्हाइस खाली ठेवावंसं वाटतं. सॉल्टमध्ये मला हेच मिळत नव्हतं. दिवसभरातले झुरके आपोआप कमी झाले. झोप सुधारली, त्यासाठी जेवणानंतर डिव्हाइस स्वयंपाकघरातच ठेवायचा नियम मात्र करावा लागला.

सकाळची तलफ फ्रीबेसने भागत नव्हती हे खरं. तिच्यासाठी बरेच दिवस १० मिलिग्रॅमचं सॉल्ट वेगळ्या पॉडमध्ये ठेवलं, फक्त चहाबरोबर. मग ५ मिलिग्रॅमचं. आता तेही बंद आहे.

हायब्रिड म्हणून एक प्रकार मिळतो, सॉल्ट आणि फ्रीबेस एकत्र. मला त्यात विशेष काही जाणवलं नाही. बाटली नेमकी कशाची आहे हे पुढच्या नावावरून कळत नसेल तर मागचे घटक वाचा. बेंझोइक आम्ल किंवा लॅक्टिक आम्ल लिहिलेलं असेल तर त्यात सॉल्ट आहे. माझ्या जिभेला बेंझोइकवालं किंचित मिरमिरीत लागतं, लॅक्टिकवालं गुळगुळीत. आणि लिक्विड तपकिरी झालं म्हणून घाबरू नका, हवा-उजेड लागला की निकोटीनचं तसंच होतं. फार गडद झालं तर चवीसाठी टाकून द्या.

सिंथेटिक निकोटीनबद्दल मात्र बरीच हवा केली जाते. ‘तंबाखूविरहित’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे काहीतरी निरुपद्रवी आहे. निकोटीनच्या रेणूची एस आणि आर अशी आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपं असतात; तंबाखूच्या पानातलं निकोटीन जवळजवळ सगळं एस प्रकारचं असतं. प्रयोगशाळेत बनवलेलं एकतर तसंच शुद्ध एस असतं, नाहीतर एस आणि आर निम्मं-निम्मं. आर प्रकार मेंदूतल्या निकोटीनच्या जागांवर बराच दुबळा आहे. मी एस प्रकारचं लिक्विड वापरलं, साध्या फ्रीबेसशेजारी ठेवून ओढलं आणि मला काडीचाही फरक कळला नाही. व्यसन लावण्याची ताकद तीच. अमेरिकेत काही कंपन्यांनी ‘आमचं निकोटीन तंबाखूतलं नाहीच’ म्हणत तंबाखूच्या नियमांतून वाट काढली होती, ती २०२२ साली कायदा बदलून बंद करावी लागली. यासाठी जास्त पैसे मोजू नका.

पैशांचं म्हणाल तर १० मिलिलिटरची सॉल्टची बाटली साधारण तीन-चार पौंडांना मिळते आणि सिगारेटच्या मानाने हे सगळंच स्वस्त पडतं. पण १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरला २.२० पौंड कर ठरला आहे, निकोटीन कितीही असो, नसो. त्यावर व्हॅट वेगळा. म्हणजे ३ मिलिग्रॅमचं भरपूर लिक्विड ओढणाऱ्याला सगळ्यात जास्त भुर्दंड आणि २० मिलिग्रॅमचं थोडं ओढणाऱ्याला सगळ्यात कमी. हे मला अजिबात पटत नाही. हळूहळू खाली उतरू बघणाऱ्या माणसाला हा कर उलट दिशेला ढकलतो. छोट्या पॉडमध्येच राहून तीव्रता कमी करण्याचं हे आणखी एक कारण.

सांगलीला मामांकडे गेले तेव्हा व्हेप इथेच ठेवून गेले होते. दुपारी मामा ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. मी विचारलं, “मामा, चुना नसला तर?” ते म्हणाले, “नुसत्या पानात काय आहे पोरी, किकच बसत नाही.” बरोबरच आहे. चुना अल्कधर्मी, तो तंबाखूतलं निकोटीन मोकळं करतो आणि मोकळं निकोटीनच तोंडाच्या आतल्या कातडीतून भराभर शिरतं. फ्रीबेसचं रसायन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तळहातावर चाललेलं आहे. आणि जिथे ती चिमूट धरतात तिथेच गालात पांढरे चट्टे उठतात. मामांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे दाखवायला मीच घेऊन गेले. सुदैवाने अजून काही गंभीर नाही, पण तंबाखू बंद करायला सांगितलं आहे.

त्या मुक्कामात मी निकोटीन गमवर राहिले. भारतात २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. त्यातही अल्कधर्मी पदार्थ घातलेला असतो, याच कारणासाठी. म्हणून गम चघळत चहा प्यायचा नाही. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक सगळं आम्लधर्मी, तोंडातलं निकोटीन बांधून टाकतं आणि गम वाया जातो. गमच्या आधी पंधरा मिनिटं काही प्यायचं नाही, मग हळूहळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडा चावायचा. भराभर चावला तर लाळेबरोबर निकोटीन पोटात जातं आणि उचक्या लागतात. मामांना हे सगळं दोनदा करून दाखवलं, आणि त्यांनी चहाची वेळ बदलली.