स्पर्धा कायद्याचे भिजत घोंगडे: तेव्हा लंडन, आता दिल्ली

गुगल-ॲपलसारख्या बड्या ऑनलाइन मंचांना आधीच नियम घालून देणारे डिजिटल स्पर्धा विधेयक लवकर आणा म्हणणाऱ्या संसदीय समितीची बाजू घ्यायची, की ‘आधी बाजाराचा अभ्यास होऊ द्या’ म्हणणाऱ्या सरकारची? पुण्यात ॲप बनवणाऱ्यांपासून ऑनलाइन साडी विकणाऱ्यांपर्यंत अनेकांना आज ना उद्या यावर मत द्यावे लागेल. युरोपचे नियम घ्यायला सरकारने वेळ लावायचा आणि खासदारांनी त्यावरून धारेवर धरायचे, हे ब्रिटनमध्ये एकदा पुरते घडून गेले आहे. म्हणून दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहू.

जुन्या कायद्यात काय अडत होते

ब्रिटनचा १९७६ चा निर्बंधित व्यापार प्रथा कायदा करारातल्या शब्दांवर चालायचा. ठरावीक प्रकारची कलमे असली की करार नोंदवा, मग तो निरुपद्रवी का असेना. उलट चार कंपन्यांनी गुपचूप बसून भाव ठरवले आणि त्या पहिल्यांदाच पकडल्या गेल्या, तर दंड नाही. फार तर ‘पुन्हा करू नका’ असा न्यायालयाचा आदेश. तयार काँक्रीटच्या धंद्यात हा आदेशही मोडला गेला. १९९५ मध्ये कंपन्यांना मिळून ८० लाख पौंडांहून जास्त दंड झाला, पण तो न्यायालयाच्या अवमानाबद्दल. संगनमत करून ग्राहकाला लुटले म्हणून दंड करण्याची सोयच त्या कायद्यात नव्हती!

युरोपीय कराराची कलमे ८५ आणि ८६ (आजची १०१ आणि १०२) मात्र परिणाम बघत होती: संगनमताला बंदी, वर्चस्वाच्या गैरवापराला बंदी, मोडल्यास जबर दंड. सदस्य देशांमधल्या व्यापाराला ती ब्रिटनमध्येही लागू होतीच. देशांतर्गत व्यवहार तेवढा जुन्या चौकटीत अडकला होता.

भारतात आज अडचण वेगळी आहे. संगनमत आणि गैरवापर, दोन्हींवर बंदी आहे, दंडही आहे. अडतो तो वेळ. गुगलच्या अँड्रॉइड प्रकरणात स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि १,३३७.७६ कोटींचा दंड ऑक्टोबर २०२२ मध्ये ठोठावला, त्यानंतर अपिले. तेवढ्या काळात छोटा स्पर्धक गाशा गुंडाळून गेलेला असतो. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने (सुरुवातीला म्हटलेली ती हीच) सांगितले की बड्या मंचांना नियम आधीच घालून द्या.

घोंगडे किती भिजले

लंडनमध्ये १९८८ ला चर्चेसाठी मसुदा आला, १९८९ ला श्वेतपत्रिका. सुधारणा करायची हे सरकारने तेव्हाच मान्य केले होते, तरी विधेयक येईना. वर्चस्वाच्या गैरवापराबाबत १९९२ मध्ये तीन पर्याय मांडले गेले आणि युरोपसारखी बंदी नको, आहे तेच बळकट करू, असे ठरले. संसदेत टीका होत राहिली. १९९५ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या व्यापार आणि उद्योग समितीने युरोपच्या धर्तीवर बंदीच हवी असे सुचवले. कायदा झाला नोव्हेंबर १९९८ मध्ये, मजूर पक्षाच्या राजवटीत, आणि लागू झाला १ मार्च २००० रोजी.

आपला आधीचा विक्रमही काही वाईट नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याची मुख्य कलमे २० मे २००९ ला लागू झाली. डिजिटल विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. त्यानंतर समितीने २०२५ मध्येही हाच आग्रह धरला.

उसने घ्यायचे ते किती मुरलेले?

माझ्या मते निवाडा इथे होतो. ब्रिटनने घेतलेल्या कलमांमागे लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचे अनेक दशकांचे निकाल होते. कायद्याच्या कलम ६० ने तर ब्रिटिश यंत्रणेला त्या निकालांशी सुसंगत राहायलाच सांगितले. म्हणजे थांबून शिकण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, तो उशीर निव्वळ वाया गेला.

दिल्लीसमोर ठेवलेला नमुना, युरोपचा डिजिटल बाजार कायदा, कोवळा आहे. बड्या मंचांवरची बंधने ७ मार्च २०२४ ला लागू झाली, ॲपल (५० कोटी युरो) आणि मेटा (२० कोटी युरो) यांना पहिले दंड एप्रिल २०२५ मध्ये झाले. न्यायालयात तो कसा टिकतो, हे पाहण्यात शहाणपण आहे.

शिवाय आपला मसुदा हुबेहूब नक्कल नाही. कंपनीला ही बंधने लागू होण्यासाठी युरोपची उलाढालीची अट ७.५ अब्ज युरो, म्हणजे ६५ हजार कोटी रुपयांच्या पुढे. आपल्या मसुद्यात भारतातली ४,००० कोटींची उलाढाल आणि एक कोटी वापरकर्ते एवढ्यावरही कंपनी जाळ्यात येऊ शकते. गुगल-ॲपलसाठी टाकलेल्या जाळ्यात उद्या मध्यम आकाराची देशी कंपनी सापडली, तर तिच्या तक्रारीत तथ्य असेल.

मग हात कुठे वर करायचा

मंचावर माल विकत असाल किंवा ॲप-दुकानाला कमिशन मोजत असाल, तर समितीच्या बाजूने. स्वतःच्या मालाला वरचे स्थान देणे, विक्रेत्यांची माहिती वापरून त्यांच्याशीच स्पर्धा करणे, हे मसुद्यात रोखले आहे आणि त्यासाठी दहा वर्षे थांबणे तुम्हाला परवडणारे नाही. वाढत्या देशी कंपनीत असाल, तर विधेयकाला विरोध करण्यापेक्षा ४,००० कोटींचा आकडा वर न्यायला सांगा.

मी समितीकडे झुकतो, पण एका अटीवर. सरकारला अभ्यास करायचा असेल तर करू द्यावा, मात्र तो कोणत्या तारखेला सभागृहात मांडणार हे लेखी घ्यावे. १९८९ च्या श्वेतपत्रिकेनंतर ब्रिटिश खासदारांच्या हाती अशी तारीख नव्हती.