वासराच्या पहिल्या महिन्याचे साहित्य : आधी काय घ्यावे, काय दुकानातच राहू द्यावे

दूध व्यवसायाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत हल्ली वासरांसाठी वेगळा कोपरा असतो. निपलची बाटली, निपलची बादली, नळीने चीक पाजायची पिशवी, मिल्क रिप्लेसरची म्हणजे दुधाऐवजी पाजायच्या पावडरची पोती, काफ स्टार्टरच्या म्हणजे वासराच्या पहिल्या कोरड्या खुराकाच्या गोळ्या. बहुतेक ठिकाणी बोलणे सुरू होते ते रिप्लेसरच्या पोत्यापासून, कारण विक्री त्याची मोठी. खरेदीचा क्रम मात्र नेमका उलटा हवा. वासरू जगते की नाही हे पहिल्या काही तासांत ठरते आणि तेव्हा पोत्याचा काही उपयोग नसतो. इथे कंपन्यांची नावे घेतलेली नाहीत. वस्तूची घडण आणि पोत्यावरचे लेबल कसे वाचायचे, हे कळले की नावाची गरज फारशी उरत नाही.

सगळ्यात आधी घ्यावी अशी वस्तू या कोपऱ्यात बहुधा नसतेच. ती म्हणजे ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात गोडी मोजायला तो अनेकांकडे असतो. तोच चालतो, फक्त मोजपट्टी ० ते ३२ ची हवी. मधासाठीचा जास्त आकड्यांचा घेऊ नका, त्यावर चीक दिसणारच नाही. वापर सोपा आहे. काचेवर स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब टाकून रेषा शून्यावर आणायची, काच पुसायची, पहिल्या पिळ्याच्या चिकाचे दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण लावून उजेडाकडे पाहायचे. चिकात रेषा जरा धूसर दिसते, पण वाचता येते. २२ किंवा त्याहून जास्त आले तर चीक चांगला, म्हणजे लिटरमागे साधारण ५० ग्रॅम प्रतिपिंडे. कमी आले तर तोच चीक जास्त मात्रेत पाजायचा किंवा दुसऱ्या गाईचा साठवलेला चांगला चीक काढायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? गाई-म्हशींत वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. वासरू जन्मते ते रोगाशी लढायची जवळजवळ काहीच शिदोरी न घेता. जे मिळायचे ते चिकातून. आतड्याची प्रतिपिंडे अख्खी शोषून घेण्याची ताकद पहिल्या सहा तासांनंतर झपाट्याने उतरते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. चीक पिवळाधमक आणि घट्ट दिसला म्हणजे चांगला, हा समज चुकीचा आहे. रंगावरून प्रतिपिंडे कळत नाहीत. व्यायच्या आधीच सडांतून गळती झालेली असेल, गाय दीड-दोन महिने नीट आटवलेली नसेल किंवा व्यायल्यावर पहिला पिळा सहा-आठ तासांनी काढला असेल, तर दाट दिसणारा चीकही २२ च्या खाली जातो.

हिशोब असा करायचा. संकरित वासराचे जन्मवजन साधारण २८ ते ३५ किलो, देशी गाईच्या वासराचे बहुधा २० ते २५. वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. त्यातला दीड-दोन लिटर पहिल्या तासाभरात आणि उरलेला पुढच्या दोन-तीन तासांत गेला पाहिजे. २२ ब्रिक्सचा ३ लिटर चीक म्हणजे साधारण १५० ग्रॅम प्रतिपिंडे. हे किमान आहे, भरपूर नव्हे. म्हणून आठ ते बारा तासांनी आणखी दीड-दोन लिटर पाजावा. 'वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही' ही अनेक गावांत आजही पाळली जाणारी रीत वासराच्या जिवावर उठते. वार पडायला आठ-बारा तास सहज लागू शकतात आणि तोवर वासराचे सोन्यासारखे तास निघून जातात. उलट वासरू प्यायले, कास पिळली की गर्भाशयाचे आकुंचन वाढते आणि वार पडायला मदतच होते. खरवसाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे: पहिल्या पिळ्याचा चीक आधी वासराचा. त्याचे पोट भरल्यावर उरलेल्यातला बाटलीभर गोठवून ठेवावा, मगच शेजाऱ्यांना वाटावा.

साठवणुकीला एक-एक लिटरच्या जाड पिशव्या उत्तम. आडव्या, चपट्या गोठवल्या की लवकर वितळतात. त्यावर तारीख आणि ब्रिक्सचा आकडा लिहावा. साध्या फ्रिजमध्ये चीक एक-दोन दिवस टिकतो, डीप फ्रीझरमध्ये काही महिने सहज. वितळवायला ४५ ते ५० अंशांचे पाणी वापरावे. गॅसवर ठेवला की चीक फाटतो आणि प्रतिपिंडे निकामी होतात; मग तो पाजण्यात आणि खरवस खाऊ घालण्यात फरक राहत नाही. वीज जाऊन एकदा वितळलेला चीक पुन्हा गोठवू नये.

आता बाटली. दोन लिटरची, कडक प्लॅस्टिकची, बाहेरून मापाच्या रेषा असलेली घ्यावी. निपल दाबून बसणारे आणि आटे असलेले अशा दोन प्रकारांत मिळते. आट्यांचे झाकण असलेली बाटली जास्त चांगली. दाबून बसवलेले निपल जोरात ओढणारे वासरू उपसून काढते आणि सगळे दूध एकदम तोंडात जाते. खरी गोष्ट निपलच्या छिद्राची. नवे निपल लावून बाटली उलटी धरा. थेंब थेंब गळाले तर बरोबर, धार लागली तर ते निपल बाद. वासरू हळू पिते म्हणून ब्लेडने छिद्र मोठे करणे ही गोठ्यातली सर्वात महागात पडणारी 'सुधारणा' आहे. दूध श्वासनलिकेत उतरते आणि दोन-चार दिवसांत न्यूमोनिया दिसतो. दोन लिटर संपायला चार-पाच मिनिटे तरी लागली पाहिजेत.

चोखण्याचा उपयोग फक्त वेग कमी ठेवण्यापुरता नाही. वासरू मान वर करून चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटची खोबण मिटून नळी तयार होते आणि दूध पहिल्या मोठ्या कप्प्यात न पडता थेट चौथ्या, खऱ्या पोटात जाते. उघड्या बादलीत तोंड घालून घटाघटा पिताना ही खोबण नेहमी नीट मिटत नाही. मग दूध पहिल्या कप्प्यात सडते. पोट फुगणे आणि मातीसारखी, आंबूस वासाची हगवण त्यातूनच येते. म्हणून उघड्या बादलीपेक्षा निपलची बादली केव्हाही बरी. ती अशी टांगावी की निपल वासराच्या तोंडापेक्षा थोडे वर राहील. अनेक निपलांची एकच लांब बादली मात्र लहान गोठ्यात घेऊ नये. दांडगी वासरे दोन वाटे पितात, अशक्त वासरू कोरडे राहते आणि ते किती राहिले याचा पत्ता लागत नाही.

धुण्याची सोय पाहूनच बाटली-बादली घ्यावी. आत हात किंवा ब्रश जात नसेल, झडपेचे सुटे भाग निघत नसतील, तर ती वस्तू कितीही देखणी असली तरी घेऊ नका. आधी कोमट पाण्याने दूध काढून टाकायचे. सुरुवातीलाच कढत पाणी घातले की दुधातली प्रथिने आतून चिकटून बसतात. त्यानंतर गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्रश, मग उलटी ठेवून पूर्ण वाळवणे. निपलला भेगा पडल्या की बदलायचे. हगवण लागलेल्या वासराची बाटली वेगळी.

नळीची पिशवी दुकानदार सोपी म्हणून दाखवतात, ती तशी नाही. चोखायची ताकदच नसलेल्या वासराला चीक द्यायला ती उपयोगी आहे हे खरे. पण नळी कुठपर्यंत जायला हवी ते आधी बाहेरून मापून खूण करावी लागते, वासरू उभे किंवा छातीवर बसलेले असावे लागते आणि चीक सोडण्यापूर्वी मानेत श्वासनलिका आणि नळी अशा दोन नळ्या बोटांना वेगवेगळ्या लागल्या पाहिजेत. पशुवैद्यकांकडून हाताखाली शिकल्याशिवाय हे करू नये. रोजच्या दुधासाठी तर ती अजिबात नाही, कारण नळीने दिलेले पहिल्या कप्प्यात उतरते.

मिल्क रिप्लेसर शेवटी, आणि तोही १५ दिवसांच्या आत नको. लेबलवर तीन आकडे पाहा. प्रथिने २० ते २४ टक्के, स्निग्धांश १५ ते २० टक्के आणि तंतू. हा तिसरा आकडा खरा चुगलखोर. तो ०.२ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असेल तर प्रथिने बहुतेक दुधाची, म्हणजे दूध भुकटी किंवा व्हे (पनीर-चीज करताना उरणारे दुधाचे पाणी) यांची. एक टक्क्याकडे सरकला असेल तर आत सोयाचे किंवा इतर वनस्पतींचे पीठ भरपूर आहे. तीन आठवड्यांखालच्या वासराला ते पचवायचे पाचक रस पुरेसे नसतात. पैसे देऊन हगवण विकत घेतल्यासारखे होते. तंतूचा आकडाच छापलेला नसेल तर पोते ठेवून द्या.

पेल्यातली चाचणीही करावी. १२५ ग्रॅम पावडर वजनकाट्यावर मोजून घ्यायची. मापाच्या डब्यावर विसंबू नये, कारण पावडर दाबली गेली की वजन बदलते. ४५ ते ५० अंशांच्या अर्धा लिटर पाण्यात ती घुसळायची आणि पाणी घालून एकूण १ लिटर करायचे. एका काचेच्या पेल्यात थोडे काढून दहा-पंधरा मिनिटे ठेवायचे. तळाला गाळ बसला किंवा वर तेलाचे कडे आले तर माल हलका. वासराला पाजताना तापमान ३८ ते ४० अंश, आणि ते रोज सारखे.

किफायतीचा हिशोब सरळ आहे: एका किलोत ८ लिटर होतात, म्हणून किलोच्या भावाला ८ ने भागा आणि संघाकडून मिळणाऱ्या दुधाच्या दराशी ताडून पाहा. २४० रुपये किलोचे पोते लिटरला ३० रुपये पडते. पण हे दूध आणि गाईचे दूध सारखे नव्हे. ३.५ फॅटच्या दुधात कोरड्या वजनाच्या जवळपास २९ टक्के स्निग्धांश असतो, रिप्लेसरमध्ये १५ ते २०. थंडीच्या दिवसांत ही तूट वासराच्या अंगावर दिसते. पहाटेचा पारा १० अंशांकडे उतरला की ऊब टिकवण्यातच त्याची ऊर्जा खर्च होते. तेव्हा वजनाच्या दहाव्या भागावर न थांबता मात्रा दिवसाला वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत हळूहळू वाढवावी, ती तीन वेळांत विभागून. दुधावरून रिप्लेसरवर येताना चार दिवस लावावेत, रोज पाव हिस्सा बदलत.

काफ स्टार्टर दुसऱ्या आठवड्यापासून. युरिया नसल्याचे लेबलवर असावे, प्रथिने २० टक्क्यांच्या वर असावीत आणि गोळी बोटांनी चुरडली तर बुरशीचा वास येऊ नये. दूध पिऊन झाल्यावर चिमूटभर ओठांना लावले की वासरू चव घेते. घरी मिश्रण करणाऱ्यांनी सरकी पेंड टाळावी, तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान वासराला बाधते; शेंगदाणा पेंड ताजी आणि कोरडी असेल तरच वापरावी. शेजारी स्वच्छ पाण्याची बादली पहिल्या आठवड्यापासून हवी. दुधाने पाण्याची गरज भागत नाही आणि पाण्याविना वासरू स्टार्टर खात नाही. सलग तीन दिवस रोज ७०० ग्रॅम ते १ किलो स्टार्टर संपवू लागले की दूध टप्प्याटप्प्याने कमी करायला हरकत नाही, वय काहीही असो.