नासाचा ‘सीईए’ प्रोग्राम: प्रणोदकांच्या अभ्यासकासाठी एक परीक्षण

रॉकेटच्या एखाद्या इंधन-ऑक्सिकारक जोडीतून, म्हणजे प्रणोदकातून, जास्तीत जास्त किती विशिष्ट आवेग (प्रणोदकाच्या दर एकक वजनामागे मिळणारा रेटा, सेकंदांत) मिळेल, हे इंजिन बांधण्यापूर्वी जाणून घ्यायचे असेल, तर मी आजही प्रथम ‘सीईए’ (केमिकल इक्विलिब्रियम विथ ॲप्लिकेशन्स) हा संगणक-प्रोग्रामच उघडतो. क्लीव्हलँड येथील नासाच्या लुईस, म्हणजे आताच्या ग्लेन, संशोधन केंद्रात सॅनफर्ड गॉर्डन आणि बॉनी मॅकब्राइड यांनी तो विकसित केला. त्यामागील गणिताचे विवेचन १९९४ मध्ये आणि वापरकर्त्यासाठीची पुस्तिका १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली.

घटक, मिश्रण-गुणोत्तर (इंधनाच्या किती पट ऑक्सिकारक), कक्षदाब (ज्वलनकक्षातील दाब) आणि नोझलचे क्षेत्र-गुणोत्तर (टोकाचे क्षेत्रफळ भागिले गळ्याचे) एवढे दिले की तो गिब्स मुक्त ऊर्जा किमान करून, म्हणजे रासायनिक समतोल शोधून, ज्वलनकक्षातील वायूंचे प्रमाण आणि तापमान काढतो, आणि मग नोझलमधील प्रसरणाचे गणित करतो. त्याची खरी शिकवण द्रव ऑक्सिजन आणि द्रव हायड्रोजन या जोडीत दिसते. संपूर्ण ज्वलनासाठी वस्तुमानाने सुमारे ८ पट ऑक्सिजन लागतो. तरीही इंजिने ५ ते ६ च्या आसपास चालवली जातात, कारण उरलेल्या हायड्रोजनमुळे बाहेर पडणाऱ्या वायूचा सरासरी रेणुभार घटतो आणि तापमान उतरूनही वेग वाढतो. गुणोत्तर पायरीपायरीने बदलत गेल्यास हे सारे तक्त्यात डोळ्यांसमोर उलगडते.

तथापि, त्याने दिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, हे विसरता कामा नये. इस्रोच्या सीई-२० या द्रव ऑक्सिजन-हायड्रोजन इंजिनाचा कक्षदाब सुमारे ६० बार आणि मिश्रण-गुणोत्तर ५.०५ आहे, तर निर्वातातील विशिष्ट आवेग सुमारे ४४३ सेकंद आहे. प्रोग्राम मात्र याहून वरचा आकडा दाखवतो. पंपांचे टर्बाइन फिरवण्यासाठी वेगळे जाळलेले प्रणोदक, भिंतीलगतचे घर्षण, अपुरे मिश्रण आणि नोझलच्या टोकाशी फाकणारा प्रवाह यांचा हिशेब त्यात नाही. वायूंच्या घटकांचे प्रमाण प्रसरणादरम्यान बदलत राहते की ‘गोठते’, म्हणजे आहे तेच कायम राहते, हे दोन पर्याय मात्र तो देतो, आणि प्रत्यक्ष उत्तर बहुधा या दोन्हींच्या दरम्यान असते. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवतो.

उणिवा सांगायलाच हव्यात. इनपुट-फाइलची रचना फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेच्या वळणाची आहे. विशिष्ट आवेग सेकंदांऐवजी मीटर प्रति सेकंदात मिळतो, ९.८०६६५ (प्रमाण गुरुत्वत्वरण) ने भागायचे राहून गेल्यामुळे माझा एक संपूर्ण तक्ता मला पुन्हा करावा लागला होता. घन प्रणोदकातील एचटीपीबीसारखे (एक रबरी बहुवारिक) बंधक द्रव्य असेल, तर त्याचे रासायनिक सूत्र आणि निर्मिती-उष्णता स्वतः भरावी लागते, आणि ती चुकली की पुढचे सारे चुकते. ॲल्युमिनियमयुक्त मिश्रणात तर ऑक्साइडचे कण वायूच्याच वेगाने आणि तापमानाने वाहतात असे गृहीत धरलेले असल्यामुळे, लहान घन-इंधन रॉकेट मोटरसाठी आकडा प्रत्यक्षापेक्षा आणखीच जास्त ठरतो.

माझी सर्वांत मोठी तक्रार घनतेविषयी आहे. द्रव हायड्रोजनची घनता घनमीटरला सुमारे ७१ किलो, तर केरोसीनची सुमारे ८०० किलो असते, त्यामुळे टाकीचे आकारमान कमालीचे बदलते. विशिष्ट आवेगाशेजारी प्रणोदकाच्या सरासरी घनतेचाही स्तंभ असता, तर दोन जोड्यांची तुलना करणाऱ्यास तोच तक्ता पुरला असता. सध्या ते गणित मी वेगळ्या कागदावर करतो.