फ्लेक्सवाल्याचा रिव्ह्यू, अन् राणीचं नाव माहेरचं टाकावं का पदवीचं याची भानगड

१२ जानेवारीले आमच्या गावच्या वाचनालयात जिजाऊ जयंतीचं प्रदर्शन ठेवलं होतं, त्याचे १४ बॅनर तालुक्याच्या स्टँडसमोरच्या एका फ्लेक्सवाल्याकडून करून घेतले, त्याचा हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत अन् पोट्टा मनाचा चांगला आहे, उगाच त्याचं गिऱ्हाईक तुटायले नको. रेट सांगते, ३ बाय २ चा एक बॅनर, १५ रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे १४ बॅनरचे १२६० झाले अन् डिझाइनचे ७०० सांगत होता ते ५०० वर आणले. एकूण १७६०. आमच्या वाचनालयाच्या हिशोबानं हे लय होते पण पाहुण्यांच्या हारतुऱ्याचा खर्च काटला अन् बसवलं.

विषय होता लग्न करून राजघराण्यात गेलेल्या बायका. आपल्याकडच्या तं होत्याच, पण पोरी मोबाईलवर इंग्लंडच्या राजघराण्यातल्या सुना, केट अन् मेघन, पाहून राहिल्या दिवसभर, म्हणून म्हटलं त्या पण घेऊ, निदान त्यांच्यासाठी तरी येतील अन् जाता जाता येसूबाई वाचतील.

मी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली अन् घरी कापूस वेचायले बाया लावल्या होत्या तिकडे गेली. तासाभरात पोराचा फोन. "ताई, एक सांगा, वरतं मोठ्या अक्षरात नाव कोणतं टाकू, माहेरचं का सासरचं? तुम्ही तं कुठं हे देल्लं कुठं ते." मी यादी काढून पाहिली तं खरंच खिचडी होती. जिजाऊंच्या मागं राजमाता, डायनाच्या मागं प्रिन्सेस, केटचं माहेरचं मिडलटन, चार्ल्सच्या दुसऱ्या बायकोचं, कॅमिलाचं, पार्कर बाउल्स, ताराबाईचं भोसले. एकीले एक न्याय अन् दुसरीले दुसरा. या एका फोनसाठी मी या दुकानाले एक स्टार जास्तीचा देते, कारण बाकीचे फ्लेक्सवाले विचारत नाहीत, जसं आलं तसं छापतात, मागं एका दुकानानं आमच्या हळदीकुंकवाच्या बॅनरवर 'भावपूर्ण' छापून देल्लं होतं, आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल.

मंग मी दुसऱ्या दिवशी दुकानातच जाऊन बसली. लाईट नव्हती, अडीच तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. तिथं एक रिटायर गुरुजी नातवाच्या बारशाचा बॅनर घ्यायले आले होते, त्यांनी लगेच निकाल लावला, "पदवी टाका बाई, राणी झाली म्हणजे माहेर सुटलं, आता ती घराण्याची." मी म्हटलं गुरुजी, तुमच्या घरी काकूले गाव काय म्हणते? ते हसले. त्यांच्या घरच्या काकूले अख्खं गाव मोर्शीवाली म्हणते. मले वणीवाली म्हणतात, लग्नाले बावीस वर्षं झाली तरी. आमच्या आळीत एकाच नावाच्या अन् एकाच आडनावाच्या तीन बाया आहेत, वरूडवाली, पुलगाववाली अन् दर्यापूरवाली असं म्हटल्याशिवाय पोस्टमनले पण समजत नाही की पत्र कोणाचं.

अन् हीच भानगड इंग्लंडात पण झाली होती. आठव्या हेन्रीच्या सहा बायका, त्यात तीन कॅथरीन, दोन अ‍ॅन अन् एक जेन. सगळ्यायले नुसतं 'क्वीन' म्हटलं तं कोणाचं डोकं कापलं अन् कोणाले सोडचिठ्ठी देल्ली हे समजणार कसं? म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्या माहेरच्या नावानंच राहिल्या, अ‍ॅन बोलीन, कॅथरीन हॉवर्ड, कॅथरीन पार. अन् पहिली ती कॅथरीन ऑफ आरागॉन, म्हणजे सरळ आरागॉनवाली. गुरुजींले हे लय आवडलं.

आपलं तं त्याहून जुनं आहे. रुक्मिणीले वैदर्भी म्हणतात, दमयंतीले पण वैदर्भीच, म्हणजे विदर्भवाली. गांधारी, कैकेयी, माद्री, पांचाली, मैथिली, ही सगळी माहेरच्या मुलुखावरून पडलेली नावं, यातलं एक पण सासरचं नाही. कौंडण्यपूरवरून दर आषाढीले रुक्मिणीची पालखी पंढरपूरले जाते, ती कोणत्या महाराणीची म्हणून नाही जात, आपल्या लेकीची म्हणून जाते.

पण माह्या मनात जे होतं ते नीट बसलं प्रभावतीगुप्तच्या बॅनरवर. तिचं नाव आपल्याच भागातल्या लोकायले माहीत नसते याचं मले वाईट वाटते. वाकाटकांची, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या जुन्या घराण्याची राणी, राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. नवरा रुद्रसेन (दुसरा) लवकर गेला, पोरं लहान, हिनं राज्य चालवलं. तिचे ताम्रपट सापडले, त्यातला एक आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. त्यात ती आधी माहेरची, गुप्तांची वंशावळ देते, दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक म्हणून, गोत्र पण माहेरचं, 'धारण', असं लिहिते, वाकाटकांचं विष्णुवृद्ध नाही. अन् त्याच्यानंतर सांगते की मी वाकाटक महाराज रुद्रसेनाची अग्रमहिषी, म्हणजे पट्टराणी, अन् महाराज दामोदरसेन अन् प्रवरसेन यांची आई. सोळाशे वर्षांआधी बाईनं बॅनरचा फॉरमॅट करून ठेवला आहे अन् आपण दुकानात वाद घालून राहिलो. नगरधनच्या खोदकामात तिच्या नावाची मातीची मुद्रा पण मिळाली, त्याच्यावर शंख आहे.

तं मी पोराले तोच फॉरमॅट देल्ला. वर मोठं नाव, त्याच्याखाली माहेर, त्याच्याखाली पदवी अन् ती किती सालापासून किती सालापर्यंत होती ते. पदवी सालासकट काहून, तं पदवी म्हणजे पोस्टिंग आहे. तहसीलदार मॅडम म्हटलं की मागच्या वर्षीची कोण अन् यंदाची कोण? खुर्ची तीच असते, माणूस बदलते.

केटचंच पाहा. २९ एप्रिल २०११ ले लग्न झालं तं डचेस ऑफ केंब्रिज झाली, २०२२ मध्ये सासरा गादीवर आला तं प्रिन्सेस ऑफ वेल्स. पेपरवाले अजून केट मिडलटनच लिहितात अन् लोकांले तेच समजते. डायनाचं तं त्याहून गमतीचं आहे. आपण सगळे प्रिन्सेस डायना म्हणतो ना, ते कायद्यानं कधी तिचं नाव नव्हतंच, कारण ती जन्मानं राजकन्या नाही. लग्नाआधी लेडी डायना स्पेन्सर, लग्नात होती तोवर प्रिन्सेस ऑफ वेल्स, अन् १९९६ मध्ये घटस्फोट झाल्यावर डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स, असं आधी नाव अन् मंग पदवी. एका स्वल्पविरामात अख्खा संसार मोडलेला दिसते. पोरगा म्हणते, "ताई, स्वल्पविराम नाही टाकला तं चालते का?" म्हटलं नाही बापा, तोच तं मुद्दा आहे.

कॅमिलावर मी स्वतः फसली होती. पार्कर बाउल्स हे माहेरचं नाहीच, ते पहिल्या नवऱ्याचं, माहेरचं शँड. म्हणजे तिले पेपरात वर्षानुवर्षं पहिल्या सासरच्या नावानं ओढलं अन् आपल्याले वाटत होतं की माहेरचं लिहून मान देऊन राहिले. ते खोडलं, शँड टाकलं, खाली २००५ पासून डचेस ऑफ कॉर्नवॉल अन् २०२२ पासून राणी. स्पेनच्या लेतिझियाचा बॅनर पाच मिनिटात झाला, तिकडं बाया लग्नानंतर आडनाव बदलतच नाहीत, ऑर्तिझ होती ऑर्तिझच राहिली, २०१४ पासून राणी. जपानच्या सम्राज्ञी मासाकोचा अडला, कारण तिथं राजघराण्याले आडनावच नसते, १९९३ मध्ये लग्न झालं अन् ओवाडा हे नाव गळून पडलं. फॉरमॅटमध्ये माहेर म्हणून ओवाडा टाकलं, सासरचं आडनाव काहीच नाही.

आता मराठेशाहीतल्या बायकांचं. गुरुजी म्हणत होते भोसले लिहा सगळ्यायले, एकसारखं दिसते. पण सगळ्या भोसले केल्या की राजकारणच पुसलं जाते. सोयराबाई मोहित्यांची लेक, हंबीररावांची बहीण. ताराबाई त्याच हंबीररावांची पोरगी. म्हणजे आत्या अन् भाची, दोघी एकाच घरातून आल्या. १६८० मध्ये महाराज गेले अन् सोयराबाईच्या पोराले गादीवर बसवायचं ठरलं तेव्हा सख्खा भाऊ हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूनं उभा राहिला. ही गोष्ट 'मोहिते' लिहिल्याशिवाय सांगताच येत नाही. येसूबाई शिर्क्यांची, सईबाई निंबाळकरांची. जिजाऊ सिंदखेडच्या जाधवांची, अन् १६२९ मध्ये लखुजीरावांले पोरांसकट निजामाच्या दरबारात मारलं, बापाचं घर कापलं गेलेली ती लेक आहे, हे नुसत्या 'राजमाता'त येत नाही. राजमाता खाली टाकलंच आहे, मोठ्या अक्षरात, त्याच्यावर माहं काही म्हणणं नाही.

बडोद्याचा बॅनर पाहून तं पोरगा चक्रावला. सयाजीरावांच्या दोन राण्या, दोघींचं नाव चिमणाबाई. पहिली तंजावरची, माहेरची लक्ष्मीबाई, १८८५ मध्ये गेली. दुसरी देवासची, माहेरची गजराबाई, लग्न होऊन आली अन् तिचं पण नाव चिमणाबाईच ठेवलं. १९२७ मध्ये पुण्याले अखिल भारतीय महिला परिषद भरली तिची अध्यक्ष ती दुसरी. पहिली-दुसरी असे नंबर लावून भागवतात लोकं, मले ते गाड्याच्या डब्यासारखं वाटते. गजराबाई टाकलं की बाई डोळ्यासमोर उभी राहते.

पण सगळ्यायले हा नियम लागत नाही, हे पण दुकानातच समजलं. झाशीच्या राणीच्या बॅनरवर पोरानं फॉरमॅटप्रमाणं 'मणिकर्णिका तांबे' मोठं टाकलं अन् प्रिंट काढून दाखवली. बाजूले चहा देणारा पोट्टा म्हणते, "हे कोण व्हय?" झालं. लक्ष्मीबाई वर घेतलं, तांबे खाली. मुमताज महलचं तसंच, ती पदवीच आहे, खरं नाव अर्जुमंद बानू, पण तसं लिहिलं तं ताजमहाल कोणाचा म्हणून लोकं विचारतील. लोकांच्या तोंडी जे बसलं ते वर, बाकी खाली, असं शेवटी ठरलं. जयपूरच्या गायत्रीदेवीच्या बॅनरवर महाराणी लिहिताना गुरुजी म्हणाले की १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीनं तं हे सगळे किताब सरकारदरबारी संपले, मंग तारीख टाका. टाकली. गुरुजी कामाचे निघाले.

आता तक्रारी. पहिली, फॉन्ट. या दुकानात कोरल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, जुनं आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरचं मराठी उचलून टाकलं की जोडाक्षरं फुटतात. स्पेन्सरचं 'स्पेन् सर' झालं होतं, मले वाटलं स्पेनचे कोणी सर आहेत. शिर्केचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. पोरगं पुन्हा टाइप करते, नाही म्हणत नाही, पण तुम्ही बाजूले बसून एक एक ओळ वाचली नाही तं चुका तशाच छापून येतील. दुसरी, फोटो. राणी लक्ष्मीबाईच्या जागी त्यानं गूगलवरून सिनेमातल्या नटीचा फोटो लावला होता, हातात तलवार, ओठाले लिपस्टिक. प्रभावतीगुप्तच्या जागी तं लक्ष्मीपूजनाच्या फोटोतली देवी. मी तिथं नगरधनच्या मुद्रेचा फोटो लावायले लावला, तो फाटला, म्हणजे फुटाफुटाचे चौकोन दिसतात. फोटो मोठ्या साईजचे स्वतः पेनड्राइव्हमध्ये न्या, त्याच्या भरवशावर राहू नका.

तिसरी तक्रार मोठी आहे, वेळेची. १० तारखेले देतो म्हणाला होता, ११ च्या रात्री साडेआठले देल्ले, शाई ओली, ऑटोत गुंडाळून आणले तं दोन बॅनर एकमेकाले चिकटले अन् मासाकोच्या गालावर उलट्या अक्षरात मोहिते उमटलं. मी फोन केला तं म्हणे लाईट नव्हती, मी काय करू. लाईट नव्हती हे खरं आहे, मी स्वतः बसली होती, पण आधी सांगायचं ना. सकाळी ७ ले त्यानं तेवढा एक बॅनर पुन्हा छापून बसच्या कंडक्टरजवळ पाठवून देल्ला, पैसे घेतले नाहीत. म्हणून या तक्रारीत मी त्याले अर्धंच काटते.

रंग चांगले आहेत, जांभळा उलीसा निळ्याकडे जाते. कडा डिंकानं चिकटवतो, शिवत नाही, आमच्या पटांगणात वारं सुटलं तं दोन बॅनरच्या रिंगा निघाल्या, शिलाई करून मागा, एका बॅनरमागं १० रुपये जास्त घेईल पण टिकेल. बिल पक्कं मागितलं तं देते, नाही मागितलं तं वहीच्या पानावर. माह्या बिलावर नावाच्या जागी त्यानं 'वणीवाल्या ताई' लिहून देल्लं, तेच मी वाचनालयाच्या फाईलला लावलं तं अध्यक्षांनी परत पाठवलं, म्हणे ऑडिटमध्ये हे नाव चालत नाही, दुसरं आणा. त्यासाठी पुन्हा ३० रुपये तिकीट काढून जाणं पडलं.

पाचपैकी साडेतीन. लग्नपत्रिका, वाढदिवस असलं काम असंल तं डोळे झाकून जा. नावंगावं जास्त असलेलं काम असंल तं चार दिवस आधी जा, स्वतः बसा, अन् दुपारी २ नंतर जा, त्याच्याआधी तिकडं लाईट नसते.