शुअर एसएम ५८: रॉक गायकासमोर ठेवावा असा माइक

१९६६ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणारा) माइक लाइव्ह साउंड शिकणाऱ्याने सगळ्यात आधी घ्यावा. वजन २९८ ग्रॅम, फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज) लागत नाही, आवाज टिपण्याचा पल्ला ५० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. जास्त संवेदनशील अशा कंडेन्सर माइकसारखी वरच्या सुरांची झळाळी यात नाही, पण मागे क्रॅश सिंबल वाजत असताना तीच कमतरता कामी येते.

खरी किंमत त्याच्या पॅटर्नची आहे, म्हणजे कोणत्या दिशेने तो किती ऐकतो याची. एसएम ५८ कार्डिऑइड आहे. कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर वेज (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा जमिनीवरचा तिरका स्पीकर) थेट त्याच्या मागच्या टोकासमोर ठेवा. शुअरचाच बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे, म्हणजे तो बरोबर मागूनही थोडं ऐकतो. त्याला वेज मधोमध नको, दोन्ही बाजूंना तिरके हवेत. माइक बदलला आणि वेज तिथेच राहिले, की फीडबॅकची (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरल्याची) शिट्टी ठरलेली.

गायकाने जाळी मुठीत धरली की मागून येणारी हवेची वाट बंद होते, पॅटर्न बिघडतो आणि फीडबॅक सुरू होतो. हे इक्यूने (मिक्सरवर सूर कमी-जास्त करून) सुटत नाही, गायकालाच सांगावं लागतं. ओठ जाळीला टेकले की बास फुगतो. १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, तरी आवाज गढूळ वाटला तर २५० हर्ट्झजवळ दोन-तीन डेसिबल काढा.

जाळी फिरवून निघते. ती आतल्या फोमसह साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा. चेपलेली जाळी सुटी मिळते.

नकली माल फार आहे, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. आणि स्टेजसाठी बिनस्विचचाच.